रोल धुऊन आला, आता यातले ठेवायचे कुठले?

नमस्कार मंडळी! गेला महिनाभर एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आज दुसरा विषय घेतच नाही. "दादा, फिल्मचा रोल धुऊन आला की एक तर सगळेच फोटो आवडतात, नाहीतर एकही नाही. निवडायचे कसे?"

जुजबी गोष्टी पटकन. निगेटिव्ह सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्यांत कापा, स्लीव्हमध्ये घाला, तारीख लिहा. 36 फोटोंचा रोल आठ बाय दहा इंचांच्या एका कॉन्टॅक्ट शीटवर, म्हणजे पट्ट्या थेट फोटोच्या कागदावर ठेवून काढलेल्या प्रिंटवर, मावतो. डार्करूम नाही? लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड देणाऱ्या पाटीवर, पट्ट्या मांडा, वरून फोटो घ्या, मोबाईलवर रंग उलटे करा. फक्त सगळ्या फ्रेम एकत्र आणि लहान दिसू देत. एकेक स्कॅन मोठा करून बघत बसू नका, तपशील भुलवतात.

आता खरी मेख. फोटो आठवू नका, फोटो बघा.

एकदा मी पहाटे अंधारात डोंगर चढलो. बोटं गारठलेली, धुकं, त्यात एकटं झाड. 12 नंबरची फ्रेम. दोन वर्षं ती माझ्या भिंतीवर होती. एक मैत्रीण आली, बराच वेळ बघून म्हणाली, "ही करडी जागा काय आहे?" आणि तिचं बरोबर होतं! ती थंडी, ती चढण माझ्या अंगात होती, कागदावर नव्हती.

म्हणून म्हणतो, मध्ये दिवस जाऊ द्या. अमेरिकन फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड मुद्दाम रोल वर्ष-वर्ष धुवायचा नाही, फोटो काढतानाची मनःस्थिती विसरावी म्हणून. 1984 मध्ये तो गेला तेव्हा अडीच हजारांच्या आसपास रोल न धुतलेले होते. तुम्ही मात्र तसं करू नका, न धुतलेल्या फिल्मवरची प्रतिमा हळूहळू फिकी होत जाते. धुवा लगेच, निवडा उशिरा.

आणि थांबणं जमत नसेल तर फोटो दुसऱ्याच्या हातात द्या आणि तोंड मिटून बसा. अगदी मिटून! एकांनी कमेंट केली होती, "फोटोमागची गोष्ट सांगितली की लोकांना आवडतो." अहो, मग लोकांना गोष्ट आवडली ना! कॅप्शनच्या कुबड्या देऊन फोटो उभे करणं मला खरंच खटकतं. तसंच ते "ग्रेनमुळे फील येतो." ग्रेन, म्हणजे फिल्मचा तो रवाळपणा, तर त्या रोलवरच्या प्रत्येक फ्रेमला आहे, मग हीच फ्रेम का?

दुसरं माणूस जवळ नसेल तर चौकटीत जे दिसतंय तेवढंच मोठ्यानं बोला. "डावीकडे भिंत, मधे माणूस, डोक्यातून खांब निघालाय." बोलताना "खरं तर तेव्हा ना..." असं तोंडातून आलं की समजा, तुम्ही परत आठवायला लागलात.

दोष शोधताना स्कॅनवर विसंबू नका. लॅबचं मशीन बहुतेकदा प्रत्येक फ्रेमचा उजेड आपल्या मतानं ठरवतं. निगेटिव्ह उजेडावर धरा, भिंग लावा. सावलीची जागा कोरी पारदर्शक असेल तर तिथे काहीच नोंदलं गेलेलं नाही, ती चूक कॅमेऱ्यातली. तपशील आहे पण स्कॅन पांढुरका आलाय? मग स्कॅन परत करा, फोटो टाकून देऊ नका.

आणि "36 मधले किती चांगले यायला हवेत?" फोटोग्राफर रॉबर्ट फ्रँक 1955-56 मध्ये अमेरिकाभर फिरला, 27 हजारांवर फ्रेम घेतल्या. त्यातून झालेल्या 'द अमेरिकन्स' या पुस्तकात गेले 83. म्हणजे साधारण नऊ रोलमागे एक! तेव्हा एका रोलमध्ये एकही नाही म्हणून कॅमेरा विकायला काढू नका.

त्या डोंगराच्या शीटवर 31 नंबरला मी तेव्हा फुली मारली होती. उतरताना पायरीवर एक आजोबा बुटाची नाडी बांधत होते. एक टोक दातांत, दुसरं हातात, आणि नजर आपल्याकडे. फ्रेम जरा तिरकी होती, म्हणून बाद. आज त्या शीटवर पिवळ्या पेन्सिलीचा गोल फक्त तिलाच आहे.

तुमची किमान सहा महिने जुनी शीट काढा, फुली मारलेल्या फ्रेम परत बघा. एखादी फुली पुसावीशी वाटली तर खाली फ्रेमचा नंबर आणि चौकटीत काय दिसतंय ते लिहा. त्या दिवशी काय झालं होतं ते नको.