ओहोटीत उघडे पडणारे आराखडे

(दृश्य: पहाट. मागे उंच इमारतींची रांग, पुढे काळा खडक. पाणी मागे सरतंय.)

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मुंबईला भरती येते ती दुपारी आणि मध्यरात्री, बाराच्या सुमारास. सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास समुद्र पार आत गेलेला असतो. मोठ्या उधाणात पाण्याच्या पातळीत साडेचार मीटरहून जास्तही फरक पडू शकतो. अशा वेळी महालक्ष्मी, वरळी, वांदरे, जुहू इथला खडक उघडा पडतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्यात शेवाळ, चिखल आणि अडकलेलं प्लास्टिक दिसतं. सरकारी कागदांवर तर तो ‘भराव टाकण्याजोगा भाग’ होऊन जातो.

आपण जरा खाली वाकून बघू.

(दृश्य: खडकाच्या कपारीवरून सरकत जाणारा सलग शॉट.)

प्राण्यांचे तीस-पस्तीस संघ मानतात. संघ म्हणजे शरीराचा मूळ आराखडा: तोंड कुठे, पाठ कुठे, आत पोकळी आहे की नाही, सांगाडा आतून की बाहेरून. दहावीच्या पुस्तकात प्रत्येक संघाला एक चित्र आणि चार वैशिष्ट्यं मिळतात. आपण ती पाठ करतो, मार्क मिळाले की विसरतो.

जंगलात गेलात तर वाघ, मोर, घोरपड, बेडूक सगळे एकाच आराखड्याचे, पाठीला कणा असलेले. फुलपाखरू, विंचू, गोम, मुंगी हे सगळे मिळून दुसरा. गांडूळ आणि गोगलगाय धरली की सहज दिसणारी यादी आटोपत येते. इथे मात्र गुडघे टेकून बसलात तर हाताच्या अंतरात सहा-सात आराखडे सापडतात. त्यातले काही जमिनीवर तुम्हाला कधीच दिसणार नाहीत, कारण ते समुद्र सोडून बाहेर आलेच नाहीत.

(दृश्य: कपारीतला नारिंगी स्पंज, अगदी जवळून. छिद्रं स्पष्ट.)

हा स्पंज. याला तोंड नाही, पोट नाही, स्नायू नाहीत, एकही चेतापेशी नाही. बारीक छिद्रांतून पाणी आत येतं, मोठ्या छिद्रातून बाहेर जातं. आतल्या पेशींच्या शेपट्या हलत राहतात, पाणी ओढतात आणि त्यातले जिवाणू गाळून खातात. दिवसभरात स्वतःच्या आकारमानाच्या हजारो पट पाणी असं जातं.

1907 मध्ये विल्सन नावाच्या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञानं जिवंत स्पंज बारीक विणीच्या कापडातून पिळून काढला. खाली पाण्यात सुट्या पेशींचा गढूळ साका उरला. त्या पेशी सरकत सरकत एकमेकींना चिकटल्या आणि त्यांतून पुन्हा स्पंज उभा राहिला. शरीर म्हणजे नक्की काय, याची सगळ्यात सैल व्याख्या हीच असावी.

(दृश्य: हिरवट-तपकिरी झोअँथिडची चादर. बोट जवळ येतं, तोंडं मिटतात.)

खडकावर पसरलेली ही चादर वनस्पती वाटते. ती प्राण्यांची वसाहत आहे, समुद्रफुलं आणि प्रवाळं यांची नातलग. इथे पहिल्यांदा शरीराला घाट येतो. मधोमध तोंड, भोवती गोलाकार मांडलेल्या शुंडिका. पुढची बाजू, मागची बाजू असं काही नाही, भक्ष्य कुठूनही आलं तरी चालतं. प्रत्येक शुंडिकेत दंशपेशी, आणि दंशपेशीत गुंडाळी करून ठेवलेला विषारी धागा. स्पर्श झाला की तो उलटून बाहेर फेकला जातो. जेलीफिश अंगाला लागली की आग होते ती याच हत्यारानं. खाल्लेलं आत जायचं दार आणि उरलेलं बाहेर टाकायचं दार एकच.

(चपटकृमीचा शॉट छोटा आहे. निवेदन त्याच मापाचं.)

आणि हा चपटकृमी. याला डोकं आहे, डावं-उजवं आहे. कुठेतरी ‘पुढे’ जायचं असेल तर शरीर असं लागतं.

(दृश्य: पाण्याच्या डबक्यात बार्नेकल. झडपा उघडतात. संथ गतीत.)

इथे थोडं थांबू. खडकावर ज्या पांढऱ्या खरखरीत टोकांनी आपले पाय सोलवटतात, ते हे बार्नेकल. कवच बघून शास्त्रज्ञही यांना बराच काळ कालवांच्या गोतातले समजत होते. 1830 मध्ये जॉन वॉन टॉम्पसन यांनी यांच्या पिल्लांची निरीक्षणं छापली. ती पाण्यात पोहत होती, त्यांना सांधे असलेले पाय होते. म्हणजे हे खेकडे-कोळंबीच्या घरातले, संधिपाद.

पिल्लू काही दिवस-आठवडे भटकतं, मग खडक चाचपून जागा ठरवतं आणि स्वतःच्या स्पर्शिकांमधून सिमेंट सोडून डोक्यावर उभं राहतं. कायमचं. भोवती चुन्याचे पत्रे बांधून घेतं. आता झडपा उघडल्या की बाहेर येतं ते बघा: केसाळ पाय. पाण्यात झटका मारून ते अन्नाचे कण तोंडाकडे ओढतात. ओहोटीत झडपा घट्ट बंद, आत थोडं पाणी राखून ठेवलेलं.

चार्ल्स डार्विन यांनी 1846 ते 1854 अशी आठ वर्षं या एका गटावर घालवली. घरचे कंटाळले असतील. पण एकाच आराखड्यातून किती तऱ्हेचे प्राणी निघू शकतात, हे त्यांनी या खरखरीत टोकांमधून तपासून घेतलं.

(दृश्य: ससून डॉक. कोळंबी सोलणारे हात, जवळून.)

खडकावरून सरळ मासळीच्या बंदरावर, ससून डॉकला येऊ, कारण संधिपादाचं शरीर बघायला याहून चांगली जागा नाही. मावशींचा हात थांबत नाही. डोकं मोडलं, टरफल ओढलं, पाठीतला काळा दोरा काढला. तो दोरा म्हणजे आतडं. कोळंबीचं हृदयही पाठीकडेच असतं, आणि मुख्य चेतारज्जू पोटाकडून जातो. आपलं नेमकं उलट आहे: पाठीत मज्जारज्जू, हृदय पुढे.

1822 मध्ये पॅरिसच्या एतियेन जोफ्रुआ सांतिलेर यांनी एक मोठा शेवंड कापून उताणा ठेवला आणि म्हणाले, आता याची रचना कणा असलेल्या प्राण्यासारखी दिसते की नाही? लोकांना ही ओढाताण वाटली. त्यांचे सहकारी जॉर्ज क्यूव्हिए यांच्या मते प्राण्यांचे चार आराखडे होते आणि त्यांच्यात पूल नव्हता. 1830 मध्ये दोघांचा पॅरिसच्या विज्ञान अकादमीत जाहीर वाद झाला, त्यात क्यूव्हिए यांची सरशी मानली गेली. पुढे 1990च्या दशकात बेडूक आणि फळमाशीच्या भ्रूणांतली जनुकं तपासली, तर पाठ कुठली आणि पोट कुठलं हे ठरवणारी जनुकं दोघांत तीच निघाली. फक्त उलट्या बाजूंना काम करणारी. शेवंड उताणा ठेवणारा माणूस अगदीच वेडा नव्हता.

(दृश्य: रात्र, बॅटरीचा प्रकाश. डबक्यात अष्टपाद रंग बदलतो.)

परत खडकावर. हा अष्टपाद मृदुकाय संघातला, म्हणजे कालवं, तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) आणि शंखातल्या गोगलगाईचा भाऊबंद. तिसऱ्यांना डोकं उरलेलं नाही. याला तीन हृदयं आहेत, तांब्यामुळे निळं झालेलं रक्त आहे, आणि निम्म्याहून जास्त चेतापेशी मेंदूत नाहीत, हातांत आहेत. कवच गेलं म्हणून बोटभर फटीतही मावतो.

(दृश्य: वाळूवर तारामासा. कॅमेरा खालून: नलिकापादांच्या रांगा.)

शेजारच्या पुळणीवर हा तारामासा. नावात मासा असला तरी माशाशी संबंध नाही. पाच हात, आणि हातांखाली पाण्याच्या दाबावर चालणारे शेकडो नलिकापाद. वाळूत राहणाऱ्या या जातीच्या पायांना चूषक नाहीत, टोकं निमुळती आहेत, वाळूत खुपसायला सोयीची. छोट्या शिंपल्या हा अख्ख्या गिळतो. मोठेपणी याला गुदद्वार नाहीच, म्हणून रिकामी शिंपली तोंडावाटेच बाहेर टाकतो.

तरीही किनाऱ्यावर आतापर्यंत भेटलेल्या सगळ्यांत आपल्याला जवळचा हाच. आपल्या आणि त्याच्या भ्रूणात पहिलं जे छिद्र पडतं त्याच्या जागी पुढे गुदद्वार येतं, तोंड नंतर उघडतं. खेकडा आणि गोगलगाय यांच्या कुळात ढोबळमानानं उलट. डीएनएचा पुरावाही याच बाजूचा. तारामाशाचं पिल्लू तर सरळ डावं-उजवं असलेलं, पोहणारं असतं. पाच बाजूंचं शरीर तो मोठेपणी घेतो. डोळ्यांत डोळे घालून बघणारा अष्टपाद दूरचा, आणि डोकंही नसलेला हा जवळचा. वंशावळ चेहरा बघून ठरत नाही.

(दृश्य: पुलाचे खांब, भराव, डंपर.)

यातले बहुतेक मूळ आराखडे सुमारे 50 कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत दिसू लागतात. याच किनाऱ्यावर मुंबईच्या सागरी किनारा रस्त्यासाठी (कोस्टल रोड) शंभराहून जास्त हेक्टर भराव पडला. प्रवाळांना 1972च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून 2020 मध्ये वरळी आणि हाजी अलीजवळची प्रवाळं उचलून दुसरीकडे बसवली. खडकावरच्या बाकीच्या बहुतेकांची नावं कुठल्याच यादीत नाहीत.

(दृश्य: टोपी घातलेली मुलं खडकावर उतरतायत.)

तुम्हाला बघायचं असेल तर भरतीचं कोष्टक बघून निघा आणि ओहोटी पूर्ण लागायच्या तासभर आधी पोचा. तळव्याला पकड असलेले बूट घाला, एकट्यानं जाऊ नका, पाणी वळलं की लगेच मागे फिरा. शंखाला हात लावताना जपून, काहींचा दंश विषारी असतो. दगड उचललात तर खालची बाजू परत खालीच गेली पाहिजे. तिथे चिकटलेले प्राणी उन्हात फार वेळ टिकत नाहीत.