खानावळीचा महिना आणि गिरणीचा भत्ता

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘दुसरं महायुद्ध, गिरणगाव आणि महागाई भत्ता’. भत्त्याकडे मी येणारच आहे. त्याआधी हा एक पैसा बघा. मागे बसलेल्यांना इथून दिसायचा नाही, हातोहात फिरवा, फक्त परत द्या, माझ्या आजीचा आहे. १९४३ सालचा. मधोमध भोक आहे. युद्धात धातूची चणचण, बाजारात सुटे मिळेनात, लोक नाणी दडवून ठेवायला लागले, तेव्हा सरकारने हा भोकाचा पैसा काढला. आजी असे पैसे सुतळीत ओवून चुलीमागच्या खुंटीला अडकवायची. असा पैसा अजून कुणाच्या घरी आहे? वर करा हात. सात-आठ. वा! म्हणजे गिरणगाव काय होतं ते तुम्हाला सांगत बसायला नको.

आजी डिलाईल रोडच्या बीडीडी, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या चाळीत खानावळ चालवायची. एकशे साठ चौरस फुटांची खोली. तीत आजी, आजोबा, तीन मुलं आणि जेवायला बावीस माणसं. ‘मेंबर’ म्हणायची त्यांना. मेंबर राहायचे गावकीच्या, म्हणजे एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या खोल्यांत. भिंतीला पेट्या, वर वळकट्या, पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीवाला त्याच जागेवर आडवा. फौजेच्या कापडाची मागणी आली आणि गिरण्या रात्रंदिवस चालायला लागल्या. मुंबईतले गिरणी कामगार दोन लाखांच्या वर गेले. चाळी मात्र १९२०च्या दशकात बांधलेल्या त्याच. माणसं वाढली, नळ तेवढेच, संडास तेवढेच. आणि गिरणीत तीन पाळ्या म्हटल्यावर चुलीच्याही तीन पाळ्या. आजीची झोप दोन भोंग्यांच्या मधली. ती कुठल्या हजेरीपटावर चढली नाही.

मार्च १९४२मध्ये ब्रह्मदेशातलं रंगून पडलं, जपान्यांच्या हाती गेलं. ‘रंगून पडलं’ हे आमच्या घरात ‘पानात भात कमी पडला’ याच अर्थी म्हणत, कारण कोकणातल्या आणि मुंबईतल्या माणसाच्या पानातला तांदूळ बराचसा ब्रह्मदेशातून यायचा. घासलेटही तिकडून. दोन्ही एकदम आटलं. मे १९४३ला मुंबईत रेशनिंग सुरू झालं. एकट्या माणसाने कार्ड खानावळीत द्यायचं, धान्य खानावळवालीने आणायचं. आजीकडे बावीस कार्डं जमली, आणि तिला तर अक्षरओळख नाही.

तिने काय केलं ऐका. गिरणीतला रंगीत दोरा मेंबरांकडून मागून घेतला आणि प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात सुईने एक टाका घातला. राजापूरवाल्याचा लाल, पाटणवाल्याचा निळा, दोघे भाऊ होते त्यांचा पिवळा, धाकट्याला दोन टाके. दुकानात कारकून नाव वाचणार, ती दोरा बघणार. वर्षानुवर्षं तिची चूक झाली नाही.

रेशनवर तांदूळ बेताचा, बाकी ज्वारी, बाजरी, गहू. कोकणातला माणूस भाकरी खातो हो, पण नाचणीची किंवा तांदळाची. रेशनची ज्वारी त्याच्या घशाखाली उतरेना. तिकडे पाटण-कराडच्या माणसाला भात म्हणजे सणासुदीचा पदार्थ. आजीने दोघांना समोरासमोर बसवलं आणि सांगितलं, तुझा तांदूळ ह्याला, ह्याची ज्वारी तुला. सरकारच्या लेखी सगळ्यांना सारखं माप. प्रत्यक्षात प्रत्येकाच्या पानात त्याच्या गावचं जेवण आलं ते या अदलाबदलीने. ही अक्कल कुठल्या खात्याने शिकवली नव्हती.

आणि तांदळातले खडे! दुपारभर सूप घेऊन निवडत बसायची. एकदा आठवडाभराचे खडे तिने वाटीत साठवले, रेशनच्या दुकानात गेली आणि तराजूच्या पारड्यात ओतले. ‘एवढं वजन माझं मला परत दे.’ दुकानदाराने दिलं नाही. पण त्या दिवसापासून रांगेतल्या बायका तिला सरकून पुढे जागा द्यायला लागल्या. हे सांगताना नव्वदीतल्या म्हातारीचा आवाज चढायचा. मला अजून त्या वजनाचा राग आहे, खरंच आहे.

गोदीच्या स्फोटाबद्दल सांगा असं मघाशी कुणी सुचवलं. १४ एप्रिल १९४४, दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज फुटलं. पोटात दारूगोळा आणि कापूस एकत्र. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. लोक उडालेल्या सोन्याच्या विटांच्या गोष्टी सांगतात. आजी जळालेल्या धान्याची सांगायची, गोदीच्या आसपासच्या गुदामांतलं. तिच्या दृष्टीने सोनं ते.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत. म्हणजे भत्ता आता पळत पळत घेते, माफ करा, पण हेच मला आज सांगायचंय.

सप्टेंबर १९३९ला युद्ध सुरू झालं तसे भाव चढले. मार्च १९४०ला दीड लाखाहून जास्त गिरणी कामगार महागाई भत्त्यासाठी संपावर गेले, सुमारे चाळीस दिवस. पुढे युद्धकाळातच गिरण्यांतला भत्ता मुंबईच्या कामगारांच्या राहणीखर्चाच्या निर्देशांकाला बांधला गेला. आज सरकारी नोकरांपासून बँकवाल्यांपर्यंत सगळे ज्याची वाट बघतात त्या भत्त्याची एक मोठी मुळी इथे लालबाग-परळात आहे. निर्देशांक १९३३-३४ साल शंभर धरून काढलेला. युद्धाच्या तोंडाशी शंभराच्या थोडा वर होता, १९४३च्या अखेरीस दोनशेच्या पुढे गेला.

आता हिशोब बघा. निर्देशांकामागे पाहणी होती ती कुटुंबांच्या जमाखर्चाची. गावकीच्या खोलीत झोपून खानावळीत जेवणारा, गावाला मनिऑर्डर करणारा माणूस त्या कुटुंबात बसतो का? रेशनच्या जिनसांचा भाव धरला जायचा तो ठरवून दिलेला. पण कोळसा संपला, पाहुणा आला, की आजी काळ्या बाजारातूनच आणायची. तो भाव कुणी लिहून घेतला?

सगळ्यात मोठी गोष्ट उधारीची. वेतनाचा कायदा १९३६चा. हजार किंवा जास्त माणसं असतील त्या कारखान्याला महिना संपल्यावर पगार द्यायला दहा दिवसांची मुभा. म्हणजे एक तारखेला खाल्लेल्या घासाचे पैसे आजीला मिळणार चाळिसाव्या दिवशी. खानावळीचा दर एकदा ठरला की महिनाभर तोच, आणि बाजारभाव त्या महिन्यात दहादा बदलणार. निर्देशांक निघणार महिना उलटल्यावर, भत्ता हातात पडणार त्याच्याही नंतर. मधल्या दिवसांत ती भाववाढ होती कुठे? आजीकडे. वाण्याची उधारी, सावकाराचं व्याज, आणि १९४४ला मोडलेल्या दोन बांगड्या, त्या परत झाल्याच नाहीत. गिरण्यांनी त्या वर्षांत नफा कमावला तो कामगारांच्या घामावर, हे आपण कायम म्हणतो आणि बरोबर म्हणतो. त्या घामाला जेवण उधार घालणाऱ्या शेकडो बायकांचं भांडवल त्यात होतं, त्यावर मला एकाही अहवालात एक रकाना दिसलेला नाही. त्यांना बँकेचं दार उघडून द्यायला १९७५ साल आणि प्रेमाताई पुरवांचं अन्नपूर्णा महिला मंडळ यावं लागलं.

अजून तीन पानं आहेत, ती सोडते. एकच मागणं. बीडीडीच्या चाळी पाडून टॉवर होतायत, माळे रिकामे होतायत. रद्दीत काही टाकण्याआधी पेटीच्या तळाशी बघा. खानावळीच्या वह्या असतील, बोटाच्या ठशांच्या, रेघोट्यांच्या, कदाचित दोऱ्याच्या टाक्यांच्या. अक्षर नाही म्हणून टाकू नका, मला आणून द्या, किंवा निरोप धाडा, मी घरी येते. आजीची वही ओल लागून गेली. कार्डांपैकी एकच उरलंय, निळ्या टाक्याचं, आणि तो पाटणवाला पुढे कुठे गेला ते आम्हाला कधीच कळलं नाही.