वॉशिंग्टन प्लेसचं कुलूपबंद दार

(अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या लेबर डे, म्हणजे तिथल्या कामगार दिनाच्या, मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

मंडळाचे पदाधिकारी, ज्येष्ठ मंडळी आणि मित्रहो,

लेबर डेचा लाँग वीकेंड आला की आपल्या मेळाव्याची गडबड सुरू होते. सोमवारी कुणाला ऑफिस नसतं, दूरदूरची मंडळीही येऊ शकतात. आज या सोमवारबद्दलच बोलावं असं मी ठरवलं आहे. ५ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या हजारो कामगारांनी दिवसाचा पगार बुडवून मोर्चा काढला, तो पहिला लेबर डे. १८९४ मध्ये ती देशभराची सुट्टी झाली. त्याच उन्हाळ्यात रेल्वे कामगारांचा संप मोडायला केंद्र सरकारने सैन्यही पाठवलं. एका हाताने सुट्टी, दुसऱ्या हाताने बंदुका!

या इतिहासातला एकच प्रसंग मी सविस्तर सांगणार आहे, कारण तो बाहेरून येऊन या देशात पोट भरणाऱ्यांचा आहे.

नोव्हेंबर १९०९. न्यूयॉर्कच्या कूपर युनियन सभागृहात शिलाई कामगारांची सभा भरली होती. पुढारी बराच वेळ बोलत होते, सबुरीचे सल्ले देत होते. तेवढ्यात क्लारा लेमलिक नावाची २३ वर्षांची मुलगी उठली. मूळची युक्रेनमधली, ज्यू. संपात उभी राहिली म्हणून काही आठवड्यांपूर्वीच भाडोत्री गुंडांनी तिला बेदम मारलं होतं. तिने ज्यूंच्या यिडिश भाषेत थेट सार्वत्रिक संपाचा ठराव मांडला आणि अख्खं सभागृह तिच्या पाठीशी उभं राहिलं. वीस हजारांवर कामगार संपावर गेले. त्यात बहुतेक तरुण मुली होत्या. अनेक कारखानदार नमले. बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या ट्रँगल कंपनीने मात्र शेवटपर्यंत युनियनला मान्यता दिली नाही.

आता २५ मार्च १९११ चा शनिवार. हो, शनिवारी कारखाना चालूच असायचा. वॉशिंग्टन स्क्वेअरजवळच्या इमारतीत आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर ट्रँगलचं काम चाले. सुटायची वेळ झाली होती आणि आठव्या मजल्यावर कापडाच्या चिंध्यांनी पेट घेतला. तिथून दहाव्या मजल्यावर फोन गेला. मालक तिथेच होते, ते गच्चीवरून सुटले. नवव्या मजल्याला कुणीच कळवलं नाही. तिथल्या मुलींना कळलं तेव्हा आग दारात होती. वॉशिंग्टन प्लेस या रस्त्याच्या बाजूचा जिना होता, पण त्याच्या दाराला कुलूप. कारण काय, तर सगळ्यांनी दुसऱ्या दाराने बाहेर पडावं आणि तिथे चोरीच्या संशयापोटी त्यांच्या पर्सा तपासता याव्यात. बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने कोसळला. अग्निशमन दलाची शिडी पोहोचली सहाव्या मजल्यापर्यंत. लिफ्टवाल्यांनी जिवावर उदार होऊन फेऱ्या मारल्या, कित्येकांना वाचवलं. तरी १४६ माणसं गेली. त्यातल्या १२३ बायका आणि मुली, बहुतेक ज्यू आणि इटालियन स्थलांतरित. कित्येकींनी खिडकीतून उड्या घेतल्या.

दार बंद असल्याचं मालकांना माहीत होतं हे सिद्ध झालं नाही, म्हणून ते निर्दोष सुटले. पुढे दिवाणी तडजोडीत एका जिवामागे सुमारे ७५ डॉलर मिळाले. हा आकडा मला आजही शांतपणे उच्चारता येत नाही.

त्या दुपारी जवळच चहाला आलेली एक तरुण स्त्री आरडाओरडा ऐकून धावत गेली आणि तिने हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. तिचं नाव फ्रान्सिस पर्किन्स. न्यूयॉर्क राज्याने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला, त्यात ती काम करू लागली. आयोगाचे अध्यक्ष होते रॉबर्ट वॅग्नर. काम चालू असताना दारांना कुलूप नको, आगीत पाणी फवारणारी यंत्रणा हवी, असे तीसहून अधिक कायदे त्यातून झाले. १९३३ मध्ये पर्किन्स अमेरिकेच्या कामगारमंत्री झाल्या, मंत्रिमंडळातली पहिली स्त्री. १९३५ मध्ये वॅग्नर यांच्या नावाने ओळखला जाणारा, युनियन करण्याचा हक्क देणारा कायदा आला. सोशल सिक्युरिटी, म्हणजे म्हातारपणाची सरकारी पेन्शन, आली तीही त्याच वर्षी. १९३८ च्या कायद्याने किमान वेतन तासाला २५ सेंट ठरलं आणि आठवड्याची मर्यादा आधी ४४ आणि दोन वर्षांत ४० तासांवर आली. त्यापुढच्या तासांना दीडपट पैसे.

आपल्यातले बरेचजण आयटीत आहेत, त्यांना हे दीडपट पैसे दिसत नाहीत. संगणक क्षेत्रातल्या ठरावीक कामांना, तासाला किमान २७.६३ डॉलर किंवा ठरलेला किमान पगार असेल, तर केंद्रीय कायद्यात सूट आहे. ते आपण सोसू शकतो. पण १९३८ च्या कायद्याने शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बायकांनाही बाहेर ठेवलं, ते फार वाईट झालं. दक्षिणेत ही कामं मुख्यतः कृष्णवर्णीयांकडे होती आणि तिथल्या खासदारांना तेच हवं होतं. शेतमजुरांना केंद्रीय कायद्याने ओव्हरटाइम आजही नाही. घरकामगार किमान वेतनाच्या कक्षेत आल्या त्या १९७४ मध्ये.

इथे मला नारायण मेघाजी लोखंडे आठवतात. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ पासून ते मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याची एक सुट्टी मागत होते. १८९० च्या एप्रिलमधल्या मोठ्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. न्यूयॉर्कमधल्या घरकामगारांना आठवड्यातून एक दिवस विश्रांतीचा हक्क राज्याच्या कायद्याने मिळायला २०१० साल उजाडलं. तोही त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं राज्याच्या राजधानीला, आल्बनीला, खेटे घालून मिळवला. न्यू जर्सीत घरकामगारांचा कायदा झाला २०२४ मध्ये.

या बायका आपल्याच घरात येतात. मुलं सांभाळतात, पोळ्या करतात, भारतातून आलेल्या आजी-आजोबांना औषधं देतात. त्यातल्या काही आपल्याच भाषेत बोलतात आणि हक्कांबद्दल विचारायला घाबरतात. त्यांचे तास वहीत लिहिले जातात का, ओव्हरटाइम मिळतो का, सुट्टी ठरलेली असते का, हे ज्याने त्याने घरी जाऊन बघावं. आणि कार्यकारिणीला माझी विनंती आहे की या कायद्यांची साध्या मराठीतली एक पानभर माहिती मंडळाच्या संकेतस्थळावर द्यावी, छापील प्रती पुढच्या कार्यक्रमात दाराशी ठेवाव्यात. मजकूर लिहायला मी तयार आहे. तो तपासायला आपल्यातल्या एखाद्या वकिलाची मदत हवी आहे. जे तयार असतील त्यांनी आज जेवणाच्या वेळी मला भेटावं.