पुटपुटण्यातला अर्थ

(काळा पडदा. रेकॉर्डवर सुई टेकल्याची खरखर.)

"ही पोरं नुसती पुटपुटतात."

हिप-हॉपवर जीव असलेल्या जुन्या माणसांशी गप्पा मारायला बसलं की आजच्या रॅपरांबद्दल हे वाक्य येतंच. पूर्वीच्या रॅपला अर्थ होता, आता उरल्या त्या नोटा, गाड्या, गोळ्या आणि सगळीकडे तोच ठेका, असं त्यांचं म्हणणं. मीही कित्येक वर्षं हेच म्हणत होतो. या चित्रफितीसाठी सगळं पहिल्यापासून पुन्हा ऐकायला घेतलं, आणि ते मत जसंच्या तसं टिकलं नाही. अर्धं गळालं. जे अर्धं उरलं, त्याचा राग मात्र वाढला.

(ब्राँक्स, न्यूयॉर्क. उंच विटांची इमारत.)

१५२०, सेजविक ॲव्हेन्यू. तारीख ११ ऑगस्ट १९७३. सिंडी कॅम्पबेल या मुलीला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते, म्हणून तिने इमारतीतल्या सामायिक खोलीत पार्टी ठेवली. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. रेकॉर्ड लावायला तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह. जमैकातून आलेला हा मुलगा पुढे डीजे कूल हर्क म्हणून ओळखला गेला.

हर्कच्या एक गोष्ट लक्षात आली होती. नाचणारे गाण्यातल्या एका ठराविक जागेची वाट बघत थांबतात. गायक गप्प होतो, बाकीची वाद्यं बाजूला होतात आणि काही सेकंद फक्त ढोल वाजतो, ती जागा. तिला 'ब्रेक' म्हणतात. हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर ठेवल्या. एकीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवरचा सुरू. काही सेकंदांची ती जागा त्याने हवी तेवढी लांबवली. आपली रेकॉर्ड कोणती हे दुसऱ्या डीजेला कळू नये म्हणून तो त्यावरची लेबलं पाण्यात भिजवून काढून टाकायचा. थोड्या काळाने ग्रँडमास्टर फ्लॅश हा दुसरा डीजे आला. ब्रेक नेमका कुठे सुरू होतो ते सापडावं म्हणून त्याने रेकॉर्डवर मेणाच्या खडूने खूण करायला सुरुवात केली. काळ्या चकतीवर एक रंगीत रेघ, आणि तिच्याकडे बघत चकती किती वेढे मागे फिरवायची याचा हिशेब.

आणि शब्द? माइकवर हर्क आणि त्याचा मित्र कोक ला रॉक दोस्तांची नावं घ्यायचे, नाचणाऱ्यांना चेतवायचे. बस, एवढंच.

त्याच वर्षांत बाहेर काय चाललं होतं तेही पाहा. शहराचे रस्ते आखणारा अधिकारी रॉबर्ट मोझेस, त्याच्या द्रुतगती महामार्गाने भरल्या वस्त्यांच्या मधून वाट काढली होती. विम्याच्या पैशांसाठी घरमालक स्वतःच्याच इमारती पेटवून देत होते. काटकसरीच्या नावाखाली अग्निशमन केंद्रं बंद होत होती. अशा ब्राँक्समध्ये एक खोली पोराटोरांनी गच्च भरली आणि ती नाचली. त्या शब्दांमध्ये अर्थ शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. तो त्या भरलेल्या खोलीत होता.

(१९७९. बारा इंची रेकॉर्ड फिरते आहे.)

रॅप ही चीज जगभर पोहोचवली ती शुगरहिल गँगच्या 'रॅपर्स डिलाइट'ने, १९७९ साली. गाणारे तिघं जमवले गेले ते ब्राँक्समध्ये नाही, नदीपलीकडच्या न्यू जर्सीत. त्यातल्या बिग बँक हँकने म्हटलेल्या ओळी ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर काझच्या होत्या. आणि त्या इतक्या जशाच्या तशा उचललेल्या, की काझ आपल्या टोपणनावाची अक्षरं एकेक करून सांगतो ती ओळसुद्धा हँक स्वतःची म्हणून म्हणून मोकळा झाला! ज्याचे शब्द, त्याच्या वाट्याला श्रेय आलं नाही. मौजमजेचं, बढाईचं, चांगलंचुंगलं खाण्यापिण्याचं हे गाणं. हिप-हॉपची पहिली मोठी ओळख ही अशी आहे.

मग १९८२. ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याच्या गटाच्या नावावरचं 'द मेसेज'. फुटक्या काचा, वाढती बिलं, काठावर उभा असलेला माणूस. अर्थपूर्ण रॅप म्हटलं की बोट याच गाण्याकडे जातं, आणि जावंच. पण ते कसं जन्मलं? लिहिलं मुख्यतः एड फ्लेचरने. तो रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत वाजवणारा वादक. फ्लॅश आणि त्याच्या साथीदारांना ते नको होतं. लोक नाचायला येतात, त्यांना घरच्या चिंता कशाला ऐकवायच्या, असं त्यांना वाटत होतं. कंपनीची मालकीण सिल्व्हिया रॉबिन्सन हट्टाला पेटली. शेवटी अख्ख्या गटातला एकटा मेली मेल फ्लेचरबरोबर गायला. रेकॉर्डवर नाव मात्र सगळ्यांचं.

म्हणजे सुरुवातीला सगळं अर्थपूर्ण होतं आणि पुढे घसरण लागली, ही गोष्ट मुळातच तशी नाही. पार्टी आणि व्यथा या संगीतात सुरुवातीपासून शेजारी राहत आल्या आहेत.

तक्रारही जुनीच आहे. १९९४ साली रॅपर कॉमनने एका हातून निसटलेल्या मुलीची गोष्ट सांगितली आणि अखेरीस उलगडा केला की ती मुलगी म्हणजे हिप-हॉप. २००६ मध्ये रॅपर नॅसने तर अल्बमचं नावच ठेवलं, 'हिप हॉप इज डेड'. आज ज्या काळाला आपण सुवर्णयुग म्हणतो, त्या काळातच माणसं सुतक पाळत होती.

(ऑगस्ट १९९५. सभागृहातला गोंगाट, हुर्यो.)

या सगळ्यात माझ्या मनात घर करून बसलेला प्रसंग आहे १९९५ च्या सोर्स या हिप-हॉप मासिकाच्या पुरस्कारांचा. ठिकाण न्यूयॉर्क. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अटलांटाच्या आउटकास्ट या जोडीला नवोदितांचा पुरस्कार जाहीर झाला आणि प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. तेव्हा प्रतिष्ठेचे किनारे दोनच, न्यूयॉर्कचा आणि लॉस एंजेलिसचा. दक्षिणेचे उच्चार, दक्षिणेची बीट, सगळं गावंढळ ठरवलेलं. जोडीतला अवघा वीस वर्षांचा आंद्रे ३००० माइकपाशी गेला आणि त्या गोंगाटातच म्हणाला, की दक्षिणेलाही काही सांगायचं आहे. दोन-चार वाक्यं, तीही अडखळत. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत हिप-हॉपचं केंद्र अटलांटाला सरकलं. ज्यांच्या बोलण्यात अर्थ नाही असं त्या सभागृहाने ठरवून टाकलं होतं, त्यांनीच पुढची भाषा घडवली. आज 'कळत नाही, काय बडबडतात' हे मी कुणाकडून ऐकतो, तेव्हा मला ती हुर्यो ऐकू येते.

पण काही गेलं आहे, हे खरं. ते कुणी नेलं, ते बघू.

(न्यायालयाची पायरी. पाठोपाठ रेडिओचा मनोरा.)

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पब्लिक एनिमी या रॅप गटाची मंडळी एका गाण्यात डझनावारी जुन्या ध्वनींचे तुकडे गुंफायची. जेम्स ब्राऊनच्या गाण्यातला ढोल, एखाद्या भाषणातलं वाक्य, भोंगा, किंकाळी. कृष्णवर्णीय अमेरिकेची अख्खी स्मृती चार मिनिटांत अंगावर यायची. डिसेंबर १९९१ मध्ये, परवानगी न घेता जुन्या गाण्याचा तुकडा वापरल्याबद्दल रॅपर बिझ मार्कीविरुद्ध झालेल्या दाव्यात न्यायाधीश केव्हिन डफी यांनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या आज्ञेने केली : चोरी करू नकोस. तिथून पुढे प्रत्येक तुकड्यासाठी आधी परवानगी आणि पैसे. मूळ कलावंताला मोबदला मिळायलाच हवा, काझच्या बाबतीत जे झालं ते पाहता मी त्याविरुद्ध कसा बोलू? पण तीस तुकड्यांचं गाणं त्या दिवसापासून परवडेनासं झालं. अर्थाचा एक अख्खा थर कायद्याने सोलून निघाला.

मग १९९६ चा दूरसंचार कायदा. तोवर एका कंपनीला देशभरात चाळीसच रेडिओ केंद्रं ठेवता येत. ती मर्यादा उठली, आणि थोड्याच वर्षांत एकट्या क्लिअर चॅनलकडे बाराशेहून जास्त केंद्रं जमा झाली. गल्लीतल्या पोराची कॅसेट ऐकून ती रात्री लावणारा निवेदक मागे पडला. कुठली गाणी वाजणार याची यादी दूरच्या कचेरीतून यायला लागली.

आता स्ट्रीमिंग. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एक वेळ मोजली जाते. सावकाश चढत जाणाऱ्या गाण्याला ही घाई मानवत नाही. मग हुक, म्हणजे कानात बसणारी ओळ, आधी, कडवी आखूड, गाणं अडीच मिनिटांत खल्लास, आणि अल्बममध्ये गाण्यांची भाराभर भरती, कारण जितकी गाणी तितक्या मोजण्या. विशीतला गायक हे नियम लिहीत नाही. तो त्या नियमांत जन्मलेला असतो. आपण शिव्या घालतो त्याला, आणि ज्यांनी हे ठरवलं त्यांची नावंही आपल्याला ठाऊक नसतात.

(स्टुडिओ. मंद जांभळा उजेड. हेडफोन, माइक.)

आता त्या पुटपुटण्याच्या जवळ जाऊ या. समोर वही नाही. बीट सुरू होते. आधी नुसते हुंकार, शब्दाआधीचा सूर. मग एक ओळ. थांब, मागे घे, पुढची ओळ तिथूनच जोड. याला 'पंच इन' म्हणतात, गाणं असं ओळीला ओळ चिकटवत उभं राहतं. कानात ऑटो-ट्यून, म्हणजे आवाज सुरात आणणारं सॉफ्टवेअर, आधीच लावलेलं असतं, त्यामुळे आवाज घसरला की तो कसा झळाळतो हे गाणाऱ्याला त्या क्षणी ऐकू येतं, आणि तो मुद्दाम घसरतो. कविता म्हणून हे कागदावर तपासाल तर हाती फारसं काही येणार नाही. पण गळ्याची तयारी तिथे आहे, आणि ती शिकावी लागते.

शिवाय तो आवाज जड का आहे, हे विचारायला नको का? कोडीनचं खोकल्याचं औषध सोड्यात मिसळून प्यायचं व्यसन ह्यूस्टनमधून पसरलं. पुढे त्यात गोळ्यांची भर पडली. रॅपर लिल पीप २०१७ मध्ये गेला, एकविसाव्या वर्षी. ज्यूस वर्ल्ड डिसेंबर २०१९ मध्ये, तोही एकविसाव्याच वर्षी, कोडीन आणि ऑक्सिकोडोनने. लोकांनी ज्याची टिंगल केली ते जिभेचं जडपण कित्येकदा खरं होतं. पोरगं आपल्याला सांगत होतं की मी बुडतोय, आणि आपण म्हणत होतो, स्पष्ट बोल.

यातलं सगळंच मी डोक्यावर घेत नाही. पुष्कळ गाणी पोकळ आहेत, बायकांबद्दलची भाषा किळसवाणी आहे. तशी ती १९८८ सालीही होती. आणि ज्यांना शब्दच हवेत त्यांच्यासाठी केंड्रिक लमार आहे. त्याच्या अल्बमला २०१८ मध्ये संगीताचं पुलित्झर मिळालं, जे तोवर शास्त्रीय आणि जॅझच्या बाहेर कधी गेलं नव्हतं. रॅप्सडी आहे, डोईची आहे. शोधायला पाच मिनिटं लागतात.

(अटलांटा. न्यायालयाचं दालन.)

शेवटचं ठिकाण. २०२२ च्या मे महिन्यात अटलांटाचा रॅपर यंग थग याच्यावर टोळी चालवल्याचा आरोप ठेवला गेला. शब्द चावून चावून, किंचाळून, पिळून गाणारा, पुटपुट्यांमधला थोरला. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायाधीशांनी गाण्यांतले सतरा उतारे पुरावा म्हणून मांडायला अटींसह परवानगी दिली. ज्या ओळींना काही अर्थच नाही असं म्हटलं जात होतं, त्यांच्या अर्थावर वकील वाद घालू लागले. हा कबुलीजबाब आहे की कल्पना? 'मी' म्हणजे नेमका कोण? कादंबरीकाराला असं कुणी विचारत नाही. थगवर आरोप ठेवला गेला त्याच वर्षी, २०२२ मध्ये, कॅलिफोर्नियाने खटल्यात अशा कलाकृतींच्या वापरावर बंधनं घालणारा कायदा केला. अटलांटा ज्या राज्यात आहे त्या जॉर्जियात तसा नव्हता. जवळपास अडीच वर्षं कोठडीत काढून ३१ ऑक्टोबर २०२४ ला थग सुटला, पंधरा वर्षांच्या देखरेखीच्या अटीवर.

न्यायालयात गाण्याची ओळ वाचली जाते तेव्हा ती सावकाश वाचतात. प्रत्येक अक्षर स्पष्ट. बेस नाही, मागून साद घालणारे मित्र नाहीत, ओळीच्या शेवटी फाटणारा आवाज नाही.

(पडद्यावर टंकलेला कागद. पूर्ण शांतता. पाच सेकंद. मग तीच ओळ, त्याच्या आवाजात.)