पोलाना हॉटेलमधला व्हाइस कॉन्सुल

हे जे ब्लॅक अँड व्हाइट फुटेज चाललंय ना, त्यात प्रश्न विचारणारा हा माणूस म्हणजे माल्कम मगरिज, बीबीसीच्या पॅनोरामा या कार्यक्रमाचा मुलाखतकार. आपल्याकडे त्याचं नाव निघतं ते मदर तेरेसांमुळे, १९६९ साली त्याने त्यांच्यावर फिल्म केली आणि मदर जगभर पोचल्या. पण टीव्हीच्या कितीतरी आधी, ऐन महायुद्धात, हाच माणूस एमआय सिक्सचा, म्हणजे ब्रिटिश गुप्तहेर खात्याचा ऑफिसर होता आणि त्याचं पोस्टिंग होतं इथे.

लोरेन्सो मार्केस. आजचं मापुतो, मोझांबिकची राजधानी. तेव्हा पोर्तुगालची वसाहत, आणि पोर्तुगाल युद्धात कुणाच्याच बाजूने नाही, त्यामुळे एकाच गावात ब्रिटिश, जर्मन, इटालियन, सगळ्यांची हेरगिरीची दुकानं चालू. भूमध्य समुद्रातून जाणं धोक्याचं, म्हणून दोस्त राष्ट्रांची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून या समोरच्या समुद्रातून जायची आणि त्यांची खबर शत्रूच्या पाणबुड्यांना गेली की खेळ खल्लास. ती खबर जाऊ द्यायची नाही हे १९४२ पासून मगरिजचं काम, कागदावर मात्र व्हाइस कॉन्सुल, वकिलातीतला साधा अधिकारी.

आणि हे पोलाना हॉटेल, १९२२ चं, अजून तसंच रुबाबात उभंय. याच्या डायनिंग रूममध्ये मगरिज जेवायला बसायचा तेव्हा पलीकडच्या टेबलांवर कोण, तर इटालियन कॉन्सुल कांपिनी आणि जर्मनांचा वेर्ट्झ! ज्यांच्यावर पाळत ठेवायची ते समोर सूप पितायत.

पिक्चरमधल्या हेराकडे गाडी आणि पिस्तूल असतं, याच्याकडे होती वजाबाकी. लंडनहून तार यायची ती नुसत्या आकड्यांचे गट. मग आकड्यांनी भरलेल्या पानांचं पॅड काढायचं, त्यातल्या पानावरचे आकडे तारेतल्या आकड्यांतून वजा करायचे, तेही हातचा न घेता, आलेलं उत्तर कोडबुकात शोधायचं, तेव्हा कुठे एक शब्द मिळणार. ते पान पुन्हा वापरायचं नाही, जाळून टाकायचं. एखादा गट सुटला की पुढचं सगळं भलतंच! उत्तर पाठवायचं तर हाच उद्योग उलटा. ट्रेनिंगमध्ये तर पक्ष्यांच्या विष्ठेपासून गुप्त शाई कशी करायची तेही शिकवलेलं, असं त्यानेच लिहून ठेवलंय. आणि हे सगळं लंडनमध्ये ज्याच्या डेस्कवर जायचं तो किम फिल्बी. हो तोच, ब्रिटिश खात्यात बसलेला रशियाचा हेर, १९६३ ला मॉस्कोला पळालेला.

एका इटालियन एजंटला सरहद्दीपर्यंत गोड बोलून नेलं आणि पलीकडे, ब्रिटिशांच्या ताब्यातल्या स्वाझीलँडमध्ये उचललं, तेही मगरिजचं इथलंच काम.

हा समुद्र. एका रात्री मगरिज यात आत आत पोहत गेला, परत न येण्यासाठी. किनाऱ्यावरच्या कॅफेचे दिवे दिसले आणि वळला.

मग १९४४, पॅरिस. तिथे इंग्रज विनोदी लेखक पी. जी. वुडहाउसवर लक्ष ठेवायचं काम मिळालं, कारण वुडहाउस १९४१ मध्ये शत्रूच्या, बर्लिनच्या रेडिओवर बोलून बसला होता. मायक्रोफोनसमोर विनोद केले म्हणून देशद्रोही ठरत आलेला माणूस, आणि लक्ष ठेवायला गेलेला मगरिज त्याचा दोस्तच झाला. पुढे बीबीसी, आणि ते सुरुवातीचं फुटेज.