डोंगराखालचे रत्न आणि त्यावरचा हक्क

श्रोतेहो, डोंगराच्या पोटात बुटक्यांनी राखलेले रत्न आणि त्याच्या शोधात निघालेले साहसवीर हा कल्पनारम्य साहित्यात इतका रुळलेला विषय आहे की, त्यातला खरा पेच आपल्या ध्यानात येत नाही. वाट कितीही खडतर असली, तरी कथेचा कस लागतो तो रत्न सापडल्यानंतर, कारण ते कोणाचे हा प्रश्न तेव्हाच उभा राहतो.

आइसलँडमध्ये तेराव्या शतकात लिहून ठेवलेल्या एका कथेत लोकी हा देव एका पाणमांजराला दगड मारतो. ते पाणमांजर म्हणजे रूप पालटलेला माणूस निघतो आणि त्याचा बाप मुलाचे कातडे पूर्ण झाकेल एवढे सोने भरपाई म्हणून मागतो. लोकी ते अंद्वारी नावाच्या बुटक्याकडून हिसकावतो, शेवटची अंगठीसुद्धा सोडत नाही, आणि अंद्वारी त्या सोन्याला शाप देतो. मिशीचा एक केस उघडा राहतो, तोही त्याच अंगठीने झाकावा लागतो. पुढे त्या सोन्यासाठी बाप मारला जातो, मुलगा फाफ्निर अजगररूपी ड्रॅगन होऊन त्यावर बसतो, आणि त्याला मारणारा सिगुर्डही अखेर दग्यानेच मरतो. न्याय्य भरपाईचे सोने मुळात लुटीचे होते, ही गोष्ट मला शापापेक्षा महत्त्वाची वाटते.

ऑक्सफर्डचे प्राध्यापक जे. आर. आर. टोल्किन यांना हे साहित्य तोंडपाठ असावे, असे वाटण्याइतके त्यांच्या लेखनात ते मुरलेले आहे. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द हॉबिट’मधल्या तेरा बुटक्यांपैकी बहुतेकांची नावे त्यांनी एका जुन्या आइसलँडिक काव्यातून घेतली. या बुटक्यांचा नायक थोरिन. स्मॉग या ड्रॅगनने बळकावलेले एकाकी पर्वतातले राज्य त्याला परत हवे आहे, आणि त्याहूनही जास्त हवा आहे त्या पर्वताच्या मुळाशी पूर्वजांना सापडलेला आर्केनस्टोन. त्यांच्यासोबत चौदाव्या हिश्श्याच्या कराराने ‘चोर’ म्हणून नेमलेला बिल्बो हा हॉबिट, म्हणजे बुटक्यांहूनही लहानखुऱ्या जमातीतला, आहे. ते रत्न त्यालाच सापडते, आणि आपला हिस्सा आपण निवडू शकतो अशी स्वतःची समजूत घालून तो ते खिशात टाकतो. ही समजूत त्यालाही पुरती पटत नाही.

दरम्यान स्मॉगला मारणारा बार्ड स्मॉगने जाळलेल्या सरोवरावरच्या गावाची भरपाई मागायला येतो. त्याच्या पूर्वजांच्या डेल नगरातली संपत्तीही स्मॉगच्या याच खजिन्यात आहे, त्यामुळे त्याची मागणी रास्त आहे, पण वेढा घातलेल्या सैन्यासमोर थोरिन काही देण्यास नकार देतो. तेव्हा बिल्बो रात्री गुपचूप बाहेर पडून आर्केनस्टोन बार्डच्या हाती ठेवतो आणि, ही त्याच्या धैर्याची खरी परीक्षा, ज्यांचा तो आता अपराधी आहे त्या सोबत्यांमध्येच परत येतो. स्यमंतक मणी परत आणल्यावर श्रीकृष्णावरचा आळ फिटला होता. इथे मणी सोडून देणाऱ्यावरच चोरीचा ठपका बसतो, आणि थोरिनच्या बाजूने पाहिले तर तो सर्वस्वी खोटाही नाही. टोल्किनांनी हा दोष पुसून टाकला नाही, म्हणूनच हा प्रसंग मला संपूर्ण कादंबरीत सर्वांत प्रौढ वाटतो.

पुढे पाच सैन्यांच्या लढाईत थोरिन घायाळ होतो, मरण्यापूर्वी बिल्बोशी समेट करतो, आणि बार्ड स्वतः आर्केनस्टोन त्याच्या छातीवर ठेवून त्याला पर्वताखाली पुरतो. नवा राजा डाइन, थोरिनने रत्नाच्या बदल्यात कबूल केल्याप्रमाणे, खजिन्याचा चौदावा हिस्सा बार्डला देतो, बिल्बो दोन लहान पेट्यांवर समाधान मानतो. तरीही टोल्किन सोन्याला निर्दोष ठरवत नाहीत. सरोवरावरच्या गावाच्या प्रमुखाला बार्डने लोकांच्या मदतीसाठी बरेच सोने दिले होते. त्यातले बहुतेक घेऊन तो पळाला, आणि सोबत्यांनी टाकून दिल्यावर ओसाड रानात उपासमारीने मेला.