शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता

नमस्कार श्रोतेहो. आज पासवर्डबद्दल बोलायचंय. ईमेल, बँक, तिकिटं, सरकारी अर्ज, मुलांच्या शाळेचं ॲप, दिवसातून किती वेळा आपण 'मी तोच, मी तीच' हे पटवून देत असतो, त्याची आता मोजदादही ठेवत नाही.

माझं काम संगणकांच्या देखभालीचं. अडचण घेऊन आलेला माणूस खुर्ची जवळ ओढतो आणि हलक्या आवाजात मला पासवर्ड सांगायला लागतो. मी हात वर करून थांबवतो, म्हणतो, "मला सांगू नका, तुम्हीच टाका." तोवर पहिली दोन अक्षरं कानावर पडलेली असतात. पुढची ओळखायला फार डोकं लागत नाही. मुलीचं नाव आणि तिच्या जन्माचं साल. मग मी विचारतो, ईमेललाही हाच आहे का? उत्तर येतं, "हो, सगळीकडे हाच. लक्षात राहतो म्हणून."

लक्षात राहतो म्हणून. आजचं सगळं बोलणं या तीन शब्दांबद्दल आहे. कारण पासवर्ड तुम्ही कितीही जपलात तरी तो एकट्या तुमच्यापाशी नसतो. जिथे खातं उघडलंत, तिथेही त्याची नोंद असते. आणि तो तिथूनही फुटतो. तुमची काहीही चूक नसताना फुटतो.

याची एक गोष्ट आहे. मी ती शिकाऊ मुलांना दरवर्षी सांगतो, आज तुम्हाला सांगतो.

साल १९६६. जागा, अमेरिकेतली एमआयटी, म्हणजे तंत्रज्ञान शिकवणारी नावाजलेली संस्था. त्या काळी संगणक म्हणजे खोलीभर यंत्र. आधी ते एका वेळी एकाचंच काम करायचं, बाकीच्यांनी रांगेत थांबायचं. फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये एक नवी व्यवस्था चालवून दाखवली, तिचं नाव सीटीएसएस. एकच संगणक, पण तो अनेकांमध्ये वाटायचा. प्रत्येकाने आपापल्या टेबलाशी बसायचं आणि प्रत्येकाला वाटायचं, यंत्र माझ्या एकट्याचंच आहे.

आता यंत्र सामायिक, पण कागदपत्रं ज्याची त्याची. मग कोण कुठला हे कळायचं कसं? कॉर्बातोंनी साधा उपाय केला. प्रत्येकाला एक गुप्त शब्द. संगणकावरचा पासवर्ड म्हणून जी पहिली उदाहरणं सांगतात, त्यांतलं हे एक. आणि हे सगळे गुप्त शब्द ठेवले कुठे, तर एका फाइलमध्ये. जसेच्या तसे. नाव आणि पुढे पासवर्ड, नाव आणि पुढे पासवर्ड.

तेव्हा आजच्यासारखे पडदे सर्रास नव्हते. टाइपरायटरसारखं यंत्र असायचं, संगणकाचं उत्तर कागदावर खटखट छापलं जायचं. आत आलात की आधी दिवसाची सूचना छापून यायची. अमुक वेळेला यंत्र बंद राहील, तमुक प्रोग्राम बदललाय, अशी. ही सूचना म्हणजे सुद्धा एक फाइल. हे ध्यानात ठेवा, सूचना ही एक फाइल आणि पासवर्डांची यादी ही दुसरी फाइल.

एक शुक्रवार. संध्याकाळचे पाच. व्यवस्था सांभाळणाऱ्यांपैकी एक जण सूचना दुरुस्त करतोय. त्याच सुमाराला दुसरा पासवर्डांची यादी दुरुस्त करतोय. दुरुस्तीचा प्रोग्राम दोघांचा एकच. तो प्रोग्राम काम चालू असताना एक तात्पुरती फाइल करायचा आणि तिला दर वेळी ठरलेलं एकच नाव द्यायचा. लिहिणाऱ्याने गृहीत धरलं होतं, की एका जागी एका वेळी एकच माणूस काम करणार. पुढे त्या जागी अनेक जण काम करायला लागले आणि ते गृहीत कोणी पुन्हा तपासलं नाही. दोघांच्या तात्पुरत्या फाइलींचं नाव एक झालं, आणि अदलाबदल झाली. सूचनेच्या जागी यादी जाऊन बसली.

आता जो आत येईल, त्याच्या यंत्रावर दिवसाची सूचना म्हणून काय छापलं जातंय? सगळ्यांची नावं आणि सगळ्यांचे पासवर्ड. ओळीखाली ओळ, कागद सरकतोय, आणि थांबत नाहीये.

विल्यम मॅथ्यूज नावाच्या एका वापरकर्त्याने ते पाहिलं. त्याच्या लक्षात आलं, की आपल्यासारखंच प्रत्येकाला हे दिसत असणार. त्याने एक आज्ञा टाइप केली. मला ती फार सुंदर वाटते. आज्ञा अशी, की 'हीच आज्ञा पाळ'. यंत्राने ती पाळायला घेतली, तर पुन्हा तीच आज्ञा, पुन्हा तीच. यंत्र जागच्या जागी फिरत राहिलं, गोठलं. सगळ्यांचं काम बंद पडलं आणि यादी छापणंही बंद पडलं. शुक्रवारी संध्याकाळी टॉम व्हॅन व्लेक या तंत्रज्ञांना थांबावं लागलं आणि कित्येक तास बसून लोकांचे पासवर्ड बदलावे लागले.

मला या गोष्टीतलं सर्वांत जास्त आवडतं ते याच्या पुढचं. कॉर्बातोंना १९९० चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, संगणकशास्त्रातला सगळ्यांत मोठा मान. त्या निमित्ताने दिलेल्या व्याख्यानात त्यांनी ही फजिती सविस्तर सांगितली, चूक नेमकी कुठे होती त्यासकट. आज एखाद्या सेवेतून खाती फुटली, की 'आपली सुरक्षितता आम्हाला महत्त्वाची वाटते' असं पत्र येतं. काय फुटलं, कशामुळे फुटलं, याबद्दल एक अक्षरही नसतं. माझं ठाम मत आहे, की ज्याने आपलं गुपित सांभाळायला घेतलं, त्याने ते कसं गेलं हेही सांगितलं पाहिजे. चूक उघड सांगितल्याने मान कमी होत नाही, हे त्या माणसाने दाखवून दिलं.

त्याच यंत्राची आणखी एक हकिगत, थोडक्यात. १९६२ साली ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला यंत्रावर आठवड्याला चारच तास मिळायचे, ते पुरायचे नाहीत. तेव्हा यंत्राला काम सांगायला भोकं पाडलेली कार्डं वापरत; त्याने तसं कार्ड पंच करून मागणी टाकली, की अमुक फाइल छापून हवी. ती फाइल पासवर्डांची. शुक्रवारी रात्री मागणी टाकली, शनिवारी सकाळी कागद उचलले, आणि मग दुसऱ्यांच्या नावाने काम करत राहिला. कोणाचाही पासवर्ड त्याने ओळखला नव्हता. अवघड असता तरी काही फरक पडला नसता. यादी हाती आली, एवढंच.

म्हणून पुन्हा सांगतो. पासवर्ड तुमच्याकडून नाही फुटला तरी समोरच्याकडून फुटू शकतो.

यावर उपाय निघाला. पासवर्ड जसाच्या तसा ठेवायचाच नाही, गणिताने त्याची खूण काढून तेवढीच ठेवायची. त्या खुणेवरून उलट मागे जाता येत नाही. युनिक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीवर काम करणाऱ्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये याबद्दल लिहिलं. त्यांनी ३,२८९ पासवर्ड गोळा करून तपासले, त्यांतले ८६ टक्के एक तर अगदी आखूड होते, नाही तर शब्दकोशात किंवा नावांच्या यादीत सापडणारे. उलट जाता येत नाही, पण सुलट अंदाज बांधत जाता येतं, एकेका शब्दाची खूण काढायची आणि ती जुळते का पाहायचं. मुलीचं नाव आणि जन्मसाल हा असाच अंदाज. आणि इतकं सगळं माहीत असूनही २००९ मध्ये रॉकयू या कंपनीतून सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर पडले, ते जसेच्या तसे साठवलेले होते. त्यांत सर्वांत जास्त लोकांनी ठेवलेला पासवर्ड होता एक-दोन-तीन-चार-पाच-सहा.

अशा याद्या घेऊन चोर काय करतात? ज्या सेवेतून यादी फुटली, तिथे ते फार वेळ थांबत नाहीत. तोच ईमेल, तोच पासवर्ड बाकीच्या सेवांवर लावून पाहतात, यंत्राकरवी, हजारोंच्या संख्येने. तुमची 'लक्षात राहतो म्हणून' ही सोय त्यांचीही सोय होते. एक पासवर्ड, एकच जागा. कानात राहू द्या. एक पासवर्ड, एकच जागा.

मग इतके पासवर्ड डोक्यात कसे ठेवायचे? ठेवायचेच नाहीत. पासवर्ड मॅनेजर वापरा. फोनमध्ये, ब्राउझरमध्ये तो असतोच. तो लांबलचक, अर्थहीन पासवर्ड तयार करतो आणि कुलपात ठेवतो. तुम्ही त्याचा एकच मुख्य पासवर्ड पाठ ठेवायचा. तो मात्र लांब असू द्या, एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून. ज्यांना हे जमत नाही त्यांनी वहीत लिहावं. पासवर्ड लिहून ठेवू नका असं आम्हा लोकांनीच वर्षानुवर्षं सांगितलं, पण घरात कपाटात ठेवलेल्या वहीपर्यंत जगाच्या दुसऱ्या टोकाचा चोर पोहोचत नाही. शिवाय हाताने लिहिलेलं जपलं जातं.  

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला, हा आग्रहही आता जाणकारांनी सोडलाय. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ च्या नियमावलीत म्हटलं, की फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदलायला लावा. सक्ती केली की लोक शेवटचा आकडा तेवढा वाढवतात. माझ्या टेबलाशी मी हेच पाहिलंय.

सगळी खाती एकदम नीट करायला बसू नका, कंटाळा येऊन सोडून द्याल. आधी ईमेल. कारण बाकी कुठेही 'पासवर्ड विसरलो' म्हटलं, की नवी वाट ईमेलवरच येते. ईमेल ज्याच्या हाती, त्याच्या हाती बाकीचं सगळं. एका खात्याने दहा ठिकाणी साइन इन करत असाल तर त्या एका खात्याचं महत्त्व दसपट. त्याला दुसरी पायरी लावा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक आकडी कोड मागितला जाईल. मेसेजवर येणाऱ्या ओटीपीपेक्षा कोड देणारं ॲप बरं, कारण सिमकार्ड दुसऱ्याच्या नावावर फिरवून घेणारे लोक असतात. पण ॲप जमत नसेल तर मेसेज चालेल, काहीच नसण्यापेक्षा खूप बरं. आणि दोन्हींतला कोणताही आकडा फोनवर कोणालाही सांगायचा नाही, समोरचा कितीही घाई करू दे.

आता पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची किल्ली. सेवेच्या पानावर हा शब्द दिसला तर बिचकू नका. यात तुमच्या फोनमध्ये किल्ल्यांची जोडी तयार होते. एक किल्ली गुप्त, ती सेवेकडे कधीच जात नाही. दुसरी उघड, ती सेवेला दिली जाते. आत जाताना सेवा दर वेळी नवा सवाल टाकते, फोन गुप्त किल्लीने त्यावर सही करतो, सेवा उघड किल्लीने सही पडताळते. तुम्ही फक्त बोट टेकवायचं, आणि बोटाचा ठसाही फोनबाहेर जात नाही. खोट्या संकेतस्थळावर ही किल्ली चालतच नाही, कारण ती खऱ्या पत्त्याशीच बांधलेली असते. आणि त्या शुक्रवारसारखी सेवेची सगळी यादी उद्या छापून आली, तरी तिच्यात फक्त उघड किल्ल्या असतील. त्यांनी कोणाचंही दार उघडत नाही.

फोन हरवला तर काय, हा प्रश्न येणारच. दुसरी पायरी लावताना बहुतेक सेवा काही राखीव कोड देतात, लोक ते पान तसंच बंद करून टाकतात. ते कोड कागदावर उतरवा आणि घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवा. वर सेवेचं नाव आणि तारीख लिहा. त्यांतला एक कोड वापरला की त्यावर रेघ मारा, तो पुन्हा चालत नाही.

नमस्कार.